सर उतारावर गाडी बंद करतात

१४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन असतो. आपण सगळेच त्या दिवशी काय करतो ते आपल्याला माहीत आहे. घोषणा लिहून घ्यायच्या, बल्बचं चित्र काढून घ्यायचं, फोटो ग्रुपवर टाकायचा. यावेळी मी चौथीच्या मुलांना वेगळं सांगितलं. तुमच्या ओळखीचं कोण ऊर्जा कशी वाचवतं, ते चार ओळींत लिहा.

बहुतेकांनी पंखा आणि चूल लिहिली. एका मुलीने लिहिलं होतं : "आमचे सर शाळा सुटल्यावर खाली जाताना गाडी बंद करतात. गाडी भाजे गावापर्यंत तशीच जाते. पेट्रोल लागत नाही. मी पप्पांना सांगितले. आता पप्पापण पिकअप बंद करतात."

पहिल्या तीन ओळींवर मला हसू आलं. चौथी वाचली आणि हसू गेलं.

लोहगडवाडीला आलेल्यांना आमचा रस्ता माहीत असेल. मळवली स्टेशनवरून भाजे, तिथून वळणावळणाने गायमुख खिंडीपर्यंत चढ. एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते आणि खाली उतरणाऱ्या गाड्यांच्या चाकांतून जळका वास येतो. मुलं त्याला "पुण्याच्या गाडीचा वास" म्हणतात! तो ब्रेक लायनर तापल्याचा वास. हे सगळं रोज बघत असूनही मी कित्येक वर्षं मोटरसायकल न्यूट्रल करून, चावी फिरवून खाली घरंगळत जात होतो. आणि वर्गात ऊर्जा बचत शिकवत होतो.

माझी चूक गाडी चालवण्यात होती तशी समजण्यातही होती. आपण 'ऊर्जा बचत' आणि 'ऊर्जा अक्षय्यता' हे दोन विषय एकाच दमात बोलून टाकतो. अक्षय्यतेचा नियम म्हणतो की ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते. चढताना मी पेट्रोल जाळतो, त्यातला काही भाग उंचीच्या रूपाने गाडीत साठतो. खाली पोचून थांबेपर्यंत तो सगळा कुठेतरी जायलाच हवा. उतारावर ऊर्जा वाचवायची नसते, घालवायची असते. प्रश्न एवढाच की कोणाच्या अंगावर.

मी त्या रात्री हिशोब मांडला. उतार सोयीसाठी २०० मीटर धरला. मी आणि गाडी मिळून १८० किलो. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे साधारण साडेतीन लाख ज्यूल. एवढ्यात एक लिटरभर पाणी उकळेल. घर्षण, हवा, ब्रेक काहीच नसतं तर खाली गाडीचा वेग ताशी २२५ किलोमीटर झाला असता. मग पिकअपचा केला. माल धरून २५०० किलो. उत्तर आलं ४९ लाख ज्यूल. पंधरा लिटर, म्हणजे घरातला एक हंडा भरून पाणी उकळवणारी उष्णता. इंजिन बंद असेल तर यातली बहुतेक चार चाकांच्या ब्रेकमध्येच शिरणार.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळी मांडली. घर्षणाचा धडा वरच्या वर्गातला, पण गाड्या चौथीतही घरंगळतात. आधी तळहात घासायला लावले. मग फळीखाली दोन पुस्तकं ठेवून खेळण्यातला ट्रक सोडला. फरशीवर तो भिंतीपर्यंत गेला. गोणपाटावर दीड वीत. चार पुस्तकं ठेवली तर गोणपाटावर तीन वितींच्या जरा आत. उंची दुप्पट, थांबायचं अंतर जवळपास दुप्पट, हे मुलांनीच सांगितलं.

नंतर ट्रकमध्ये खडे भरले. कोण लांब जाईल यावर पैज लागली, सगळ्यांनी भरलेला ट्रक म्हटलं. तो रिकाम्याइतकाच गेला. वजन वाढलं की ऊर्जा वाढते, पण गोणपाटाचं घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. एक मुलगा म्हणाला, "मग मोठ्या गाडीला कशाला घाबरायचं?" चांगला प्रश्न. अंतर सारखं असलं तरी घासून निघणारी उष्णता दुप्पट वजनाला दुप्पट. गोणपाटाला ती कळत नाही, ब्रेकला कळते. लायनर फार तापला की त्याची पकड कमी होते. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल नुसतं खाली जातं.

आमच्या मुलांना खंडाळ्याचा घाट जवळचा, म्हणून तेही सांगितलं. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. तिथे उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गाला फुटलेला, वर चढत जाणारा रूळ. सांधा एरवी त्याच रुळाकडे लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे असं दिसल्यावरच तिला खालचा मार्ग मिळतो. सुटलेली गाडी त्या चढावर चढते, वेगाची पुन्हा उंची होते. आमच्या फळीचाच उलटा प्रयोग. आताची विजेची इंजिनं तर उतरताना मोटरीचं जनित्र करून थोडी वीज तारेत परत देतात. उतारावर खरी बचत म्हणायची तर ती.

संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. हे काम फोनवर करायचं नव्हतं. वडील अंगणात गाडी पुसत होते. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं. मी करतो ते तुम्ही करू नका, मीही बंद केलंय." ते म्हणाले, "सर, डिझेलचा भाव बघा की." त्यांचं खरं होतं. मग सांगितलं, इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं, स्टेअरिंग जड होतं. गाडी दुसऱ्या गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन गाडीला मागे धरतं. बहुतेक गाड्यांत त्या वेळी इंजिनाला डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं तर उलट थोडं जळत राहतं.

"जवळजवळ म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. मला आकडा सांगता आला नाही. "मी महिनाभर वहीत लिहितो," ते म्हणाले आणि आतून मुलीची एक जुनी वही मागवली. माझ्यासमोर तिच्या मागच्या पानावर तारीख आणि किलोमीटर लिहिले. मुलीने शेजारी डिझेलचा रकाना आखून दिला.