दोन बार

मिरजेला आजोळी माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा होता. त्यातल्या एकाला ना मुखपृष्ठ होतं, ना अनुक्रमणिका. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यात मी एक गोष्ट वाचली. पाचवीत असेन. पैजेखातर एक तरुण शेटजींच्या बागेतल्या खोलीत वर्षानुवर्षं स्वतःला कोंडून घेतो. आत नुसता वाचतो. एकदा तो बऱ्याच भाषांत चिठ्ठी लिहून कळवतो, की जाणकारांना यात चूक सापडली नाही तर बागेत बार काढा. शेटजी दोन बार काढायला लावतात. पुढे ते कर्जात बुडतात, पैजेची रक्कम चुकवायला त्याला मारायचं ठरवून खोलीत शिरतात, आणि पुढचं पान फाटलेलं.

खाली आजी शेंगा फोडत बसली होती. "मग काय झालं असेल गं?" विचारलं.

"काय व्हायचंय? मुदत भरायच्या आधीच उठून गेला. पैसे टाकून. पंढरपूरला."

आजीच्या गोष्टींतलं प्रत्येक माणूस शेवटी पंढरपूरलाच जायचं. मी ते मनावर घेतलं नाही. माझ्यापुरता शेवट मी ठरवून टाकला: बागेत तिसरा बार. तो इतक्या वेळा मनात ऐकला, की वाचलेलाच वाटायला लागला.

पुढे मुंबईत ही गोष्ट शोधायला लागले तेव्हा अडचण कळली. सूचीत लेखक सापडतो, शीर्षक सापडतं; बागेतला बार सापडत नाही. ओळखीतल्या वाचणाऱ्यांना विचारलं. निम्मे म्हणाले, मतकरी. उरलेले म्हणाले, जीए. (मराठीत बेवारशी आणि जराशी काळोखी गोष्ट दिसली की ती जीएंच्या नावावर चढते.) परदेशी गोष्ट धोतर नेसून, मूळ गावाचं नाव न सांगता आपल्या मासिकांत येत असे, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मग फोर्टातल्या फूटपाथवर चेकॉव्हच्या कथांचं एक इंग्रजी पुस्तक घेतलं. विरार लोकलमध्ये उघडलं. १८८९ सालची कथा, ‘पैज’. वीस लाख रुबल, पंधरा वर्षं. शेटजींचा झाला होता बँकर. सहा भाषांतली चिठ्ठी आली आणि पुढचे दोन बार मी वाचायच्या आधीच ऐकले.

तिसरा बार नव्हताच. टेबलावर त्या कैद्याचं पत्र असतं: मुदतीच्या पाच तास आधी मी इथून निघून जाईन, म्हणजे पैशावरचा माझा हक्क संपेल. ते वाचून बँकर रडतो, आणि सकाळी कैदी पळाल्याचं कळताच तो कागद नीट तिजोरीत बंद करून ठेवतो. रडून झाल्यावरही हिशेब न विसरणारा हा माणूस मला कैद्यापेक्षा जास्त पटला. खिडकीतून उतरलेला कैदी पुढे कुठे गेला, ते चेकॉव्हनं लिहिलेलं नाही.

आजी तोवर नव्हती. रात्री मामाला फोन केला. आजी दिवाळी अंक वाचायची का रे?

"वाचायची म्हणजे? जाहिरातींसकट. आणि वाचून झालं की मिसरीच्या पुडीला पान फाडणारी तीच."