पेरणीच्या महिन्यातली यादी

जून हा प्राईडचा महिना. पुण्यात मिरवणूक निघते, ओटीटीवाले सप्तरंगी पट्ट्या लावतात. शिरड शहापुरात जून म्हणजे मृग, सोयाबीनच्या पिशव्या आणि उधारीची वही. औंढा-वसमत रस्त्यावर माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि त्या दिवसांत दुपारचं जेवणही चारच्या पुढे जातं. अशाच गर्दीत एका ओळखीच्या पोराचा मेसेज आला. परभणीला कॉलेजात असतो, सुटीत वडिलांसोबत खत न्यायला येतो. माझ्याबद्दल त्याला ठाऊक आहे आणि त्याच्याबद्दल मला. मेसेज असा : "दादा, आपल्यासारख्यांचं काही चांगलं सांगा. मराठीतलं असलं तर बरं. अन् शेवटी मरत नसलेलं."

शेवटच्या अटीवर हसलो खरा, पण यादी करायला बसलो तर निम्मी यादी तिथंच गळाली.

पहिलं नाव गळालं ते तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'चं. 1981 साली रोहिणी हट्टंगडींनी मराठी रंगभूमीवर सुमित्रा देव उभी केली. स्त्रीवर प्रेम करणारी, सिगारेट ओढणारी, कुणाला न जुमानणारी. मी ते नाटक होस्टेलवर वाचलं. धाडस म्हणाल तर आजही तेवढं दिसत नाही. पण मित्रा स्वतःला संपवते, आणि तिची गोष्ट सांगतो तिच्यात गुंतलेला बापू. अठरा-एकोणीसच्या पोराच्या हातात पहिलंच पुस्तक म्हणून हे मी देणार नाही. त्याच मूळ कथेवर रवी जाधवांनी 'मित्रा' हा लघुपट केला, तो 'बायोस्कोप'मध्ये आहे. तो चालेल.

'कोबाल्ट ब्लू' मात्र डोळे झाकून द्यावं असं. सचिन कुंडलकरांची ही कादंबरी 2006 मध्ये आली. घरात पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलेल्या मुलावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो. आधी तनय सांगतो, मग अनुजा. ज्याच्यासाठी हा सगळा जीव जाळायचा, त्याला पुस्तकभर नाव नाही. 2022 मध्ये कुंडलकरांनीच नेटफ्लिक्ससाठी सिनेमा केला आणि गोष्ट कोचीला नेली. दिसतो देखणा, पण कादंबरीतलं ते मराठी घर, तिथली कुजबूज, जेवायच्या वेळा हे सगळं त्यात हरवलं. माझी प्रत मी तलाठी भरतीच्या गाइडचं कव्हर चढवून पोराला दिली. वडील खूश आहेत म्हणे, पोरगं रात्री दीडपर्यंत वाचायलंय.

टीव्हीबद्दल काय सांगावं? आमच्या घरात वर्षानुवर्षं लुगडं नेसलेला पुरुष दिसला तो फक्त विनोदी कार्यक्रमांत, आणि सगळे हसायचे तेव्हा मीही हसायचो. आईसोबत त्याच टीव्हीवर 'जोगवा' पाहिला. राजीव पाटलांचा, 2009 चा. नीट पाहिलं तर ती समलिंगी गोष्ट नाहीच. तायप्पाला देवीच्या नावानं साडी नेसवतात आणि त्याचं मन सुलीवर जातं. उपेंद्र लिमयेंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्या लेकराला कुणी इचारलं का, तुला काय पायजे म्हणून?" अशा विषयावर माय काही बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे तिला सांगायचा धीर आला त्याला थोडा तो सिनेमाही कारण आहे.

अट मोडून सांगितलेला एक सिनेमा म्हणजे 'अलिगड'. हिंदी आहे, पण माणूस आपला. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस नागपूरकडचे. अलिगड मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. फेब्रुवारी 2010 मध्ये कॅमेरेवाले त्यांच्या घरात घुसले आणि विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरसांनाच. एप्रिलच्या सुरुवातीला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला, आणि त्यानंतर आठवडाही झाला नाही तोच ते घरी मृतावस्थेत सापडले. हंसल मेहतांच्या सिनेमात मनोज बाजपेयी एकटाच बसून लताबाईंची गाणी ऐकतो, हातात ग्लास. एवढंच. कितीतरी वेळ तो फक्त गाणं ऐकतो.

हा सिनेमा मी हळद शिजवायच्या रात्री, बॉयलरजवळ बसून मोबाइलवर पाहिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे ही जागरणं ठरलेली. ड्रम भरा, वाफ द्या, उपसा, पुन्हा भरा. एक इअरफोन चुलतभावानं न विचारताच ओढून कानात घातला.

"काय बघायलास?"

"सर हायेत. मराठी शिकवायचे."

तो शेवटपर्यंत पाहत बसला, मधे दोनदा ड्रम उपसायला उठला तेवढाच. संपल्यावर म्हणाला, "अन् घरात घुसणाऱ्याला काय झालं?" मी म्हटलं, सिनेमात जे व्हायचं ते सरांचंच झालं. "मंग उलटं हाय की समदं," म्हणत तो भट्टीत लाकडं सारायला गेला. भावानं मला आजवर काही विचारलेलं नाही. पण माझ्या लग्नाचा विषय कुणी काढला की तो हळदीचा भाव काढतो.

बिंदुमाधव खिरेंची 'पार्टनर' मी माहितीसाठी सांगतो. भाषा साधी, प्रश्न रोजचे. 'ताली'ही सांगतो, गौरी सावंत यांच्यासाठी. ट्रान्सजेंडर व्यक्तींना ओळख देणारा 2014 चा निकाल ज्या याचिकांवर लागला, त्यांतल्या त्या एक याचिकाकर्त्या. मालिका मात्र मला जरा जास्तच टाळ्यांची वाटली.

आणि मग 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडेंच्या या सिनेमाला 2025 मध्ये सनडान्सला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला तेव्हा इकडं अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात होतं. तरी दुकानाला कुलूप लावून मी पुण्याला गेलो. आनंद मुंबईहून वडिलांच्या दहा दिवसांसाठी गावी येतो. अनवाणी फिरायचं, अमुक खायचं नाही, आणि सुतकातही नातेवाइकांना त्याच्या लग्नाची काळजी. तिथं बाल्या भेटतो, लहानपणचा, शेळ्या राखणारा. दोघं झाडाखाली पडून असतात. असली माणसं आपल्या गावात नसतात, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. इथं तीच माणसं धोतराच्या, धुळीच्या, शेळ्यांच्या गावात दिसली, आणि त्यांचं दुःखही माझ्या ओळखीचं निघालं. मला काही प्रसंग लांबलेले वाटले. दहावाही लांबतोच म्हणा.

रात्री आईचा फोन. "कशाचा शिनेमा होता?"

"दहाव्याचा."

"त्याचा बी शिनेमा काढतेत?" मी गोष्ट सांगितली. तिनं मधेच तोडलं, "त्याच्या मायला ठाऊक हाय का?"

"हाय."

"मंग लोकायला काय करायचंय," म्हणाली, आणि दुकानाची चावी कुठं ठेवलीय ते विचारलं.

पोराला 'साबर बोंडं' सांगितलाय, पण एकट्यानं पाहा म्हटलंय. त्याला घरच्या टीव्हीवर, सगळ्यांसोबत लावायचाय. अजून आमचा वाद चालू आहे.