'अप'वर मारलेली काट

इंग्रजी हा आमचा विषय नव्हे. बी.एड. केले ते उर्दू आणि मराठी घेऊन, आणि वीसेक वर्षे तेच शिकवत आलो. पण लहान गावातल्या शाळेत ज्याचा तास रिकामा दिसतो त्याच्या गळ्यात काहीही पडते. एका वर्षी इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि नववीचे इंग्रजी आमच्याकडे आले. रात्री शब्दकोश घेऊन बसायचे आणि सकाळी फळ्यावर शब्दार्थ लिहून द्यायचे, असा आमचा क्रम. गिव्ह म्हणजे देणे, टेक म्हणजे घेणे, ब्रिंग म्हणजे आणणे. मुले पाठ करायची. शब्द आले की भाषा आली, अशी आमची समजूत होती.

सहामाहीला 'माझी आई' हा निबंध होता. वर्गातल्या एका मुलीचे अब्बा ती लहान असतानाच वारले होते. अम्मी शिलाई करून घर चालवायची. मुलीने लिहिले होते, 'माय मदर ब्रॉट अप फोर चिल्ड्रन.' आम्ही लाल शाईने त्या 'अप'वर काट मारली आणि समासात लिहिले, 'ब्रॉट म्हणजे आणले. कुठून आणले?' अर्धा गुण कापला. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक, पण पेपर वाटताना ते वाक्य आम्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. पोरे हसली. आम्हीही हसलो.

मुलगी काही बोलली नाही. त्यानंतर तिचे निबंध गाइडमधल्यासारखे हुबेहूब येऊ लागले. आम्ही ती सुधारणा समजलो आणि गुणही भरपूर दिले.

गेल्या वर्षी रमजानच्या थोडे आधी ती घरी आली. जीएनएम करून शहरात नर्स म्हणून नोकरी करत होती आणि आता इंग्लंडला जाण्यासाठी ओईटी नावाची इंग्रजीची परीक्षा देणार होती. त्या परीक्षेत बोलण्याचा भाग असतो. समोरचा माणूस पेशंट किंवा त्याचा नातेवाईक होतो आणि उमेदवाराने नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचे. असे पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग. घरात सराव करायला कोणी नाही. म्हणाली, "सर, तुम्ही पेशंट व्हाल?"

तिच्याजवळ एक वही होती. पेशंट पुस्तकातले इंग्रजी बोलत नाही, हे तिला कळले होते. त्याला 'व्हॉमिट' झालेले नसते, तो 'थ्रू अप' म्हणतो. शुद्धीवर आला की 'केम राउंड'. साखर कमी करायची तर 'कट डाउन ऑन'. 'पास आउट'पाशी ती स्वतःच हसली. आपल्याकडे सगळे 'अमुक साली पास आउट झालो' असे ऐटीत सांगतात. पासिंग आउट परेड तिकडेही असते, पण साध्या बोलण्यात तिथल्या माणसाला त्याचा अर्थ चक्कर येऊन पडणे असाच लागणार. बायोडेटातून तिने ते शब्द काढून टाकले होते.

मग एका पानावर 'ब्रिंग अप' आले. खाली तीन अर्थ: मुले वाढवणे, बोलण्यात विषय काढणे, पोटातले उलटून पडणे. तिने ते वाचले आणि थांबली. म्हणाली, "सर, ते वाक्य मी वाचनालयातल्या एका गोष्टीच्या पुस्तकात बघितलं होतं. आमच्या गल्लीतल्या बायका अम्मीबद्दल म्हणायच्या ना, हिनं चार पोरांना वर आणलं म्हणून. ते वाचलं आणि मला लगेच कळलं. बरोबर होतं ना?"

"हो बेटा, बरोबर होतं." याहून जास्त काही आम्हाला बोलता आले नाही. चहा आला, आणि आम्ही पुढचे पान उघडले.

रात्री झोप लागेना. आम्ही जन्मभर मराठी-उर्दू शिकवणारे. लहान मुलाला आपण 'दूध पिऊन टाक' म्हणतो तेव्हा ते दूध कुठे टाकायचे, असे कोणते मूल विचारते? 'मी बोलून बसलो' म्हणणारा खुर्ची शोधत नाही. उर्दूत 'पी जाओ' म्हटल्यावर कोणी उठून चालू लागत नाही. 'टाक', 'बस', 'जा' हे शब्द तिथे स्वतःचा अर्थ बाजूला ठेवून दुसरेच काम करतात: गोष्ट पुरी झाली, हातून निसटली, आता परत येणार नाही. इंग्रजीतले 'अप' पुष्कळदा नेमके हेच करते. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. आपण क्रियापदाच्या मागे क्रियापद जोडतो, ते क्रियापदाच्या मागे 'वर', 'खाली', 'बाहेर' जोडतात. हे कळायला आम्हाला इंग्रजीची पदवी लागत नव्हती. आपली भाषा नीट बघितली असती तरी पुरले असते.

नंतर आम्ही थोडे वाचन केले. ज्या डॉ. जॉन्सनने 1755 साली इंग्रजीचा प्रचंड कोश काढला, त्यानेही प्रस्तावनेत म्हटले आहे की परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जाते ते हेच. तरी सामान्य कोश शब्दाचा अर्थ सांगून मोकळे व्हायचे. तो शब्द कोणासोबत जातो ते सांगत नसत. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक 1924 पासून जपानात शिकवत होते. जपानी मुलांच्या चुका बघून त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक कोश केला. त्यात शब्दाच्या अर्थाबरोबरच क्रियापद वाक्यात कसे बसते तेही दिले होते. 1942 साली, ऐन युद्धात, तो टोकियोत छापला गेला. पुढे 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो काढला, आणि आज विद्यार्थ्यांच्या हातात दिसणारा ऑक्सफर्डचा जाडजूड कोश त्याचाच वंशज. म्हणजे हा कोश जन्मला तोच आपल्यासारख्या परक्यांच्या वर्गात! आणखी एक नाव जे. आर. फर्थ यांचे. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार त्यांनी मांडला. हे गृहस्थ 1919 ते 1928 लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आमच्यासारख्या उर्दूवाल्याला त्याचे उगाच बरे वाटले.

संगतीचे म्हणाल तर आमच्या वर्गात दोन भाषांच्या दोन खोड्या एका बाकावर बसतात. घरी उर्दू बोलणारा 'कुत्ते से डरता हूँ'वरून 'अफ्रेड फ्रॉम डॉग' लिहितो, शेजारचा 'कुत्र्याला घाबरतो'वरून 'अफ्रेड टू डॉग'. इंग्रजीला दोन्ही नकोत, तिला 'ऑफ' हवे. पहिला 'आस्क फ्रॉम हिम' म्हणतो, दुसरा 'आस्क टू हिम'. इंग्रजीत मध्ये काहीच लागत नाही. परीक्षा मात्र दोघेही 'गिव्ह' करतात, कारण उर्दूतही इम्तिहान देतात आणि मराठीतही परीक्षा देतात. इंग्रजीत ती देतो तो मास्तर, मुलगा ती 'टेक' करतो. आणि चूक आपण 'करतो', म्हणून 'डू मिस्टेक'. त्यांच्याकडे ती 'मेक' होते. का, याला उत्तर नाही. रोजा आपण 'ठेवतो' आणि नमाज 'पढतो', याला तरी कुठे आहे? मूल घरात ऐकते आणि बोलते. इंग्रजी घरात ऐकू येत नाही, म्हणून निदान वर्गात तरी शब्द जोडीने यायला हवेत. आम्ही आता फळ्यावर एकटा शब्द लिहीत नाही. 'मिस्टेक' लिहिला तर 'मेक'सकट. 'पुट ऑन द कोट' चालते, 'पुट द कोट ऑन'ही चालते, पण कोटाऐवजी 'इट' आले की ते मध्येच बसणार: 'पुट इट ऑन'. 'लुक आफ्टर'मध्ये असे कोणालाही मध्ये घुसता येत नाही. पोरांना हा खेळ आवडतो. पेपरात अनोळखी जोडी दिसली तर हल्ली पेन्सिलीने खूण करतो, आणि कोश बघितल्याशिवाय लाल शाई उघडत नाही.

ती परीक्षा पास झाली. कागदपत्रांचे काम चालू असताना गावी आली, तेव्हा आम्ही तिला शाळेत बोलावले. शनिवार, सकाळची शाळा. नववीच्या वर्गापुढे आम्ही काय केले होते ते पोरांना सांगितले. ते सांगताना आवाज जरा चिरकला, पण सांगितले. मग खडू तिच्या हातात दिला. तिने तेच वाक्य फळ्यावर लिहिले आणि विचारले, "काय अर्थ?"

थोडा वेळ कोणी बोलेना. पुढच्या बाकावरची हुशार पोरे ब्रॉट, ब्रॉट पुटपुटत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला आम्ही इंग्रजीत कधी पस्तीसच्या वर गेलेला बघितला नाही, न उठताच म्हणाला, "आईनं चार पोरांना वर आणलं."

तिने आमच्याकडे बघितले. मग पर्स उचलली, तिला दोनची एसटी गाठायची होती.