सनद, शिकस्ता आणि लिंक्डइन

रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "टीचर, सनद मिळून दोन वर्षं झाली. सिनिअर महिन्याला चार हजार देतात, तेही आठवण केली तर. अब्बा म्हणतात, शिवणकाम शिकली असतीस तर बरं झालं असतं."

मी सोलापुरात उर्दू शाळेत मराठी शिकवते. ही मुलगी आठवीत असताना 'ळ'चा 'ल' करायची. वडील यंत्रमागावर कामाला. उर्दू माध्यमातून दहावी, पुढे इंग्रजीतून पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, मग ऑल इंडिया बार एक्झाम. आमच्या मोहल्ल्यातली वकील झालेली ती पहिली मुलगी. सनद आली तेव्हा पेढे मीच वाटले होते.

पण सनद मिळाली म्हणून काम मिळतं असं नाही. ज्याचे वडील वकील, त्याला चेंबर, पुस्तकं आणि अशील घरातच मिळतात. हिच्या घरात कोर्टाची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, असं परिपत्रक बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही.

मी म्हटलं, "लिंक्डइनवर ये. ओळख नसेल तर ओळख करून घेऊ." लॉकडाऊनमध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणांसाठी मी तिथे खातं उघडलं होतं, तेवढ्यावर स्वतःला जाणकार समजत होते. फोटोवरून घरी थोडी कुरबुर झाली. तिची अम्मी म्हणाली, "लोकां क्या बोलेंगे?" शेवटी मुलीनेच ठरवलं आणि नेहमीचा स्कार्फ बांधलेला फोटो लावला. मजकूर मी सांगितला: अनुभवी वकील, कौटुंबिक दावे आणि जमिनीचे वाद, यशाची खात्री, आजच संपर्क साधा. तिने तो इंग्रजीत करून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. रडत होती. "टीचर, सिनिअरनी बोलावून झापलं. वकिलाला जाहिरात करता येत नाही. तक्रार झाली तर माझी सनद जाईल."

मजकूर आम्ही लगेच काढला. रात्री मी बार कौन्सिलचे नियम वाचत बसले, जे आधी वाचायला हवे होते. नियम ३६ प्रमाणे वकिलाला काम मागत फिरता येत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकी माहिती देण्याची सवलत २००८ मध्ये मिळाली, तेवढीच. ऑनलाइन पोर्टलवरून जाहिरात करणाऱ्या वकिलांवर कारवाई करा, असं मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जुलै २०२४ मध्ये राज्यांच्या बार कौन्सिलना कळवलंही गेलं होतं. आणि ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली गैरवर्तन सिद्ध झालं तर सनद निलंबित होऊ शकते, काढूनही घेतली जाऊ शकते. प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहा, असं मी वर्गात रोज सांगते. इथे मी प्रश्नच वाचला नव्हता, आणि पणाला लागली होती ती तिची पाच वर्षं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझंही चुकलं, टीचर. नियम तर मी शिकले होते."

मग पुन्हा बसलो. अशील शोधायचे नाहीत. वकिलांना फक्त सांगायचं, मला काय येतं. पूर्णवेळ पगारी नोकरीही नको, कारण नियम ४९ प्रमाणे वकिली चालू ठेवून ती करता येत नाही. मी तिची माहिती वाचत गेले. भाषेच्या रकान्यात इंग्रजी, मराठी, हिंदी. उर्दू नव्हतीच.

"उर्दू का नाही लिहिलीस?"

"लोक काय समजतील, टीचर?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. नव्या लोकांत मीसुद्धा "मराठीची शिक्षिका" एवढंच सांगते. उर्दू शाळेत, हे विचारलं तरच.

पण उर्दूच कामाची होती. सोलापूर ओलांडलं की धाराशिव, लातूर, बीड. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथले कितीतरी जुने महसुली कागद उर्दूत आहेत. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली होती. जमिनीचा मालकी हक्क तपासणाऱ्या वकिलापुढे असा कागद आला की काम अडतं.

अडचण एकच. हे कागद शिकस्ता वळणात, घाईच्या हाताने लिहिलेले. नुक्ते गायब, अक्षरं एकमेकांत मिसळलेली. माझे एक मामू तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. चार महिने दर रविवारी ती त्यांच्यापुढे बसली. त्यानंतरच आम्ही माहितीत लिहिलं: उर्दू, शिकस्ता वाचता येते, मराठीत लिप्यंतर आणि गोषवारा.

आता निरोप. तिने पहिला मसुदा केला तो नववीच्या विनंतीपत्रासारखा: माननीय महोदय, मी गरीब घरातली असून... मी तो खोडला. तीन ओळी ठेवल्या. मी कोण, मला काय वाचता येतं, आपल्याकडे असा कागद अडला असेल तर नमुना वाचून दाखवते. पुणे, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या जमिनीची कामं करणाऱ्या तीस वकिलांना निरोप गेले. सव्वीस जणांनी उत्तर दिलं नाही. तिघांनी "कळवतो" म्हटलं. पुण्याच्या एका वकीलबाईंनी मात्र एका दस्ताचा फोटो पाठवला.

आज त्या दर दस्तामागे मानधन देतात. फार नाही, पण वेळेवर येतं. सोलापूरचं कोर्ट सुटलेलं नाही. शिवणकामाचा विषय अब्बांनी परत काढलेला नाही.

हे वाचणाऱ्या वकील मुलामुलींना एवढंच सांगेन: आधी नियम वाचा, मग स्वतःची माहिती लिहा, आणि लाजून जे लपवलंय ते आधी लिहा. ज्यांची ओळख आहे त्यांनी ती एखाद्या मुलासाठी खर्च करावी, ती कमी होत नाही.

परवा तिने एका शब्दाचा फोटो पाठवला. "टीचर, हे लागत नाही." मलाही लागेना. मामूंना विचारलं. ते म्हणाले, मुसम्मात. जुन्या कागदांत बाईच्या नावाआधी लिहायचे. मी तिला कळवलं. तिचं उत्तर आलं, "म्हणजे ही जमीन एका बाईच्या नावावर होती. सगळे इतके दिवस तिच्या नवऱ्याची समजत होते."