प्रत्येक केसाळ मांजर पर्शियन नसते

आपल्याकडे केसाळ मांजर दिसली की लोक तिला 'पर्शियन' म्हणून मोकळे होतात. तुर्कस्तानच्या अंगोरा मांजरीचं नुकसान याच सवयीनं केलं.

अंगोरा म्हणजे आजचं अंकारा. 1930 साली तुर्की सरकारनं परदेशांनाही 'अंकारा' हेच नाव वापरायला लावलं. बकरी, ससा आणि मांजर यांना मात्र जुनं नाव चिकटून राहिलं. या मांजरी 17व्या शतकात युरोपात पोहोचल्या. पुढे ब्रिटनमध्ये मांजरांची प्रदर्शनं सुरू झाली, दाट केस आणि गोल चेहऱ्याची आवड वाढली. लांब केसांच्या मांजरींचा सरसकट संकर झाला आणि अंगोरा पर्शियनमध्ये विरून गेली. वेगळी जात म्हणून ती युरोपातून जवळजवळ संपलीच होती. अंकाराच्या प्राणिसंग्रहालयानं पांढऱ्या अंगोरा जपल्या. 1962 मध्ये तिथून एक जोडी अमेरिकेत गेली आणि तिकडे जातीची पुन्हा सुरुवात झाली. आता काळ्या, करड्या, पट्टेदार अंगोराही मान्य आहेत.

दोघींतला फरक ओळखणं सोपं आहे. पर्शियन बसकी, चपट्या नाकाची. अंगोरा सडपातळ, कान उंच, शेपटी पिसाऱ्यासारखी. केस रेशमी, पण आतला लोकरीसारखा थर जवळजवळ नसतो. त्यामुळे गुंता कमी होतो. आठवड्यातून एकदोनदा विंचरलं तरी पुरतं. स्वभावानं मात्र ती शांत बाहुली नाही. कपाटावर चढेल, दार उघडायला शिकेल, माणसाच्या मागे मागे फिरेल.

आता महत्त्वाची गोष्ट. पांढरा रंग देणारा जीन कधी कधी आतल्या कानाचाही घात करतो. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरीत बहिरेपणाचं प्रमाण जास्त असतं. डार्विननं 1859 च्या ग्रंथातही याची नोंद केली आहे. एक डोळा निळा आणि दुसरा पिवळसर असेल, तर बहुधा निळ्या बाजूचाच कान जातो. अशी मांजर एका कानावर व्यवस्थित जगते. माझ्या वर्गात एका कानानं ऐकू न येणारा मुलगा होता. त्याचा चांगला कान माझ्याकडे येईल अशा बाकावर बसवलं, की त्याचं काही अडत नसे.

पूर्ण बहिरी मांजरही छान जगते, पण घरात. रस्त्यावर तिला रिक्षाचा हॉर्न ऐकू येत नाही. हाक मारण्याऐवजी जमिनीवर हलकेच थाप द्या, तिला पावलांनी कळतं. 'बोलावलं तरी येत नाही, गर्विष्ठ आहे' म्हणून तिला मोहल्ल्याबाहेर सोडून देणारे आहेत, म्हणून हे सांगतो.

मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. निळ्या डोळ्यांचं पिल्लू हौसेनं आणून नंतर सोडून देणं त्याहून फार वेगळं आहे का? पिल्लू घेण्याआधी त्याच्या पाठीमागे चाव्या वाजवून बघा, डॉक्टरांना दाखवा. ते बहिरं निघालं, तर ते जाणूनच घरी आणा आणि शेवटपर्यंत सांभाळा.