गादीवरचा चेहरा

पुणे–सोलापूर महामार्गाने उरुळी कांचन मागे टाकले की यवतच्या अलीकडे कासुर्डी येते. ऊस, गुऱ्हाळे आणि रस्त्याची वर्दळ यांच्यावर चालणाऱ्या या पट्ट्यातले किराणा, कापड वा खत-बियाण्यांचे कोणतेही जुने दुकान पाहावे; गादीच्या वर भिंतीवर चंदनी हार घातलेली एक तसबीर बहुधा असतेच. तसबिरीतील गृहस्थ नेमके कोणाकडे पाहत आहेत, हे मात्र सहसा कळत नाही. कारण तो फोटो त्यांचा म्हणून काढलेला नसतो. कोणाच्या तरी लग्नातील सामुदायिक छायाचित्रातून, नाही तर ओळखपत्रावरून, तो त्यांच्या पश्चात कापून मोठा केलेला असतो. कधी कधी शेजारच्या व्याह्यांच्या फेट्याचे टोक त्यांच्या खांद्यावर तसेच राहून जाते. आयुष्यभर पै-पैची नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची घरात नोंद ती एवढीच. दादीजींच्या वाट्याला तर अनेकदा एवढेही येत नाही.

आता मात्र प्रत्येक नातवाच्या खिशात कॅमेरा आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेला असा एखादा नातू दादाजींना दुकानाच्या दारात बसवतो, फोन त्यांच्या तोंडाजवळ नेतो, दोन-चार फोटो काढतो आणि घरच्यांच्या गटावर पाठवून देतो. उत्तरादाखल जोडलेले हात येतात, फुले येतात, ‘छान’ येते. या ‘छान’वर छायाचित्रकला शिकता येत नाही. ते सौजन्य आहे, परीक्षण नव्हे. शिकवते ते स्वयंपाकघरातून आलेले वाक्य : “अरे, नाक केवढे काढलेस त्यांचे!” किंवा दादीजींचे, फोटो लांब धरून, चष्मा सावरत उच्चारलेले : “हे ते नाहीत.”

ज्यांना कॅमेऱ्यातले ओ की ठो कळत नाही, त्यांना चेहऱ्यातले मात्र सर्व कळते. पन्नास वर्षे तो चेहरा पाहिलेल्या माणसाची तक्रार बहुधा खरीच निघते. तिचे कारण शोधणे तेवढे नातवाचे काम. नाक मोठे दिसते, कारण फोनची मुख्य भिंग विस्तृत दृश्य टिपणारी असते आणि फोन चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरला होता. नाक भिंगाला कानांपेक्षा बरेच जवळ पडले, म्हणून ते फुगले. दोन पावले मागे सरून, दुप्पट जवळ आणणारी भिंग फोनात असेल तर ती वापरून पाहिले की नाक आपल्या मापावर येते. स्टुडिओतील छायाचित्रकार व्यक्तिचित्रासाठी ८५ मिलिमीटरच्या आसपासची भिंग पसंत करतात, त्यामागे बरेचसे हेच कारण असते. “काळे का आले?” या प्रश्नाचे उत्तर पांढऱ्या धोतर-टोपीत सापडते. कॅमेरा सरासरी काढतो, आणि चौकटीत पांढरे फार झाले की तो सारे चित्रच मंद करतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवावा लागतो. “कोणी दुसरेच वाटतात” ही तक्रार तर बहुतेक वेळा फोनमधील त्वचा गुळगुळीत करणाऱ्या सोयीविरुद्ध असते. ऐंशी वर्षांच्या सुरकुत्या यंत्राने पुसल्यावर उरेल तो माणूस कोण?

उजेडाचे काही पाठ दुकानातच मिळतात. दुपारी बाराचे ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरते आणि कडुनिंबाखाली बसवले तर चेहऱ्यावर कवडसे पडतात. आत ट्यूबलाइट आणि बाहेरचा दिवस एकत्र आले की एक गाल निळसर, एक पिवळट होतो. त्यापेक्षा ट्यूबलाइट बंद करून दादाजींना उंबऱ्याच्या हातभर आत, दाराकडे किंचित कलते बसवावे. ऊन अंगावर येत नाही, उजेड मात्र येतो आणि डोळ्यांत दाराचा एक छोटा चमकता चौकोन उतरतो. त्याने नजर जिवंत होते. मांडीवर वही उघडी असेल तर तिची पांढरी पाने खालून हनुवटीवर उजेड परतवतात. हा लाभ व्यापाऱ्याच्या घरी फुकट आहे. मागच्या फळीवरील रंगीबेरंगी पुड्या तेवढ्या चौकटीबाहेर ठेवाव्यात, नाही तर पाहणाऱ्याची नजर चेहरा सोडून बिस्किटांवर जाते.

तांत्रिक दोष सरल्यावर एक तक्रार उरते आणि ती सर्वांत अवघड असते : “ओळखपत्रासारखे बसलेत.” कॅमेरा दिसताच ताठ होणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. गेल्या शतकाच्या आधी काचेवर चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून स्टुडिओत डोक्यामागे लोखंडी आधार लावत. त्या फोटोंतील करारीपणा पुष्कळसा त्या आधाराचाच आहे, हे पूर्वजांच्या धाकात राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

त्या काळातही या अडचणीचा विचार करणारा एक माणूस होता, आणि तो जैन कुटुंबातच जन्मला होता. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे झाला. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि तिशीच्या सुमारास, १८७४ मध्ये, छायाचित्रणाकडे वळले. इंदूरचे ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांची चित्रे पाहिली आणि त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामांचे छायाचित्रकार झाले, ‘राजा’ हा किताब त्यांना तेथेच मिळाला आणि १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट १८९२ ची. पडद्यातील स्त्रिया पुरुषासमोर मोकळेपणाने बसणार नाहीत, हे ओळखून त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तो एका स्त्रीच्या, श्रीमती केनी-लेविक यांच्या, हाती सोपवला. समोरच्या माणसाचा संकोच हा त्याचा दोष न मानता आपल्या कामाचा भाग मानण्याची ही दृष्टी होती. दादीजींचा फोटो नातवापेक्षा नातीने वा सुनेने काढला तर पदर पुढे ओढला जात नाही, हे आजही कित्येक घरांत दिसते.

मराठी माणसाला जवळचे उदाहरण गौतम राजाध्यक्ष यांचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकलेले राजाध्यक्ष १९७४ मध्ये एका जाहिरात संस्थेच्या छायाचित्र विभागात गेले. कलावंतांची व्यक्तिचित्रे काढण्याकडे ते १९८० मध्ये वळले ते चुलत बहीण शोभा डे यांच्या आग्रहामुळे. नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच काम त्यांनी आणखी काही वर्षांनी धरले. ‘चंदेरी’चे संपादन करणाऱ्या आणि ‘चेहरे’ हे मराठी पुस्तक लिहिणाऱ्या या माणसाला चेहऱ्यामागची माणसेही कळत होती. हा क्रम घाईच्या पिढीने पाहावा : आधी नोकरी, मग घरच्या माणसाचा आग्रह, मग व्यवसाय.

नातवाला अर्थात व्यवसाय करायचा नाही. त्याला एकच फोटो हवा आहे, आणि तोही वेळेत. म्हणून फोन डोळ्यांच्या उंचीवर धरून त्याने दादाजींशी बोलत राहावे. पूर्वी उधारीची वसुली कशी होत असे, गुळाचा भाव कोणत्या साली कोसळला, हे विचारावे. उत्तर देताना हात हिशेबासारखे हलू लागतात, एक भुवई वर जाते. तेव्हा कळ दाबावी, तीही एकदा नव्हे, पंधरा-वीस वेळा. रात्री त्यांतले तीन निवडून, कोणता बरा हे न सांगता, दादीजींपुढे ठेवावेत. त्या एकावर बोट ठेवतील. तो बहुधा नातवाच्या आवडीचा नसेल. त्यात मागे गुळाच्या ढेपेचा कोपरा आला असेल किंवा टोपी तिरकी असेल. तरीही तोच छापायला द्यावा, चकचकीत नव्हे तर मंद कागदावर, आणि मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहावी.