पाठ वाकडी, दुखणे खुब्याचे

माझ्या पुतणीचे दुखणे डॉक्टरांच्या आधी कळले ते कल्याणच्या आमच्या शिंप्याला. "ताई, पोरीचा डावा खांदा उतरलाय," तो म्हणाला. वय तेरा. वहिनीने दप्तराला दोष दिला. शेजारीण तर मागच्या जन्मापर्यंत गेली. ती भाषा आमच्या घरात चालत नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपला. दप्तराचा समज मात्र शिकलेल्या घरांतही पक्का आहे. जड दप्तराने पाठ दुखते हे खरे, पण त्याने कणा असा वाकतो हे सिद्ध झालेले नाही.

गंमत म्हणजे पोरीची तक्रार पाठीची नव्हतीच. ठाण्याला मामाकडे जाताना लोकलमध्ये उभे राहिले की उजवा खुबा दुखायचा, आणि जेवताना जबडा कटकन वाजायचा. डॉक्टरांनी तिला पाय जोडून, हात सोडून पुढे वाकायला सांगितले. पाठीची एक बाजू चक्क उंच दिसली! या दुखण्याला स्कोलिओसिस म्हणतात. यात कणा नुसता बाजूला कलत नाही, तो स्वतःभोवती पिळतो आणि बरगड्यांनाही फिरवतो. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत बाक दहा अंश किंवा जास्त भरला की हे नाव लागते. वाढत्या वयातील शंभर मुलांत दोघा-तिघांना तो असतो, बहुतेकांत कारण सापडत नाही. मोठा बाक मुलींमध्ये जास्त दिसतो. हिचा २८ अंश होता.

बाक कमरेशी असला की एका बाजूची कंबर आत जाते, एक खुबा वर आल्यासारखा दिसतो आणि उभे राहताना भार सारखा पडत नाही. कधी उलटेही असते: एक पाय आखूड असल्याने कणा कलतो, आणि मूल बसले की बाक जातो. म्हणून डॉक्टरांनी पाय मोजले. ते सारखे निघाले.

जबड्याचे प्रकरण जरा नाजूक. अशा मुलांत वरचे-खालचे दात नीट न जुळणे जास्त आढळते, पण एकामुळे दुसरे होते असे ठरलेले नाही. तरी एका दातांच्या दवाखान्यात आम्हाला सांगितले, तोंडात पट्टी बसवा, पाठ सरळ होईल! आम्ही निघून आलो. पूर्वीच्या मिलवॉकी पट्ट्याला हनुवटीखाली आधार असे. त्याच्या दाबाने मुलांचे दात आणि जबडा खरोखर बिघडत. पुढे ती रचना बदलली. हिचा पट्टा काखेखालीच संपतो.

वाढ चालू असताना २५ ते ४० अंशांपर्यंत पट्टा देतात. अमेरिका-कॅनडातील मुलांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज तेरा तास किंवा जास्त पट्टा घालणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचा बाक ५० अंशांच्या, म्हणजे शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत गेला नाही. वाचायला सोपे आहे. मे महिन्यात कल्याणच्या पत्र्याच्या घरात तेरा तास म्हणजे काय, ते पोरीला विचारा! आतली सुती बनियन दिवसातून दोनदा बदलावी लागते. पहिला महिना ती रात्री रडून पट्टा सोडायची, वहिनी पुन्हा बांधायची.

भगिनींनो, दहा ते चौदा वर्षांच्या मुलीला पाठमोरी उभी करून एकदा वाकायला सांगा. त्याला पैसा लागत नाही.

चौदा महिन्यांनी बाक ३० अंश आहे. डॉक्टर खूष आहेत, आम्ही जरा कमी. खुबा व्यायामाने बराच शांत झाला, जबडा अजून वाजतो. वर्गातल्या मुलींनी पट्ट्याबद्दल विचारले तेव्हा तिने तो ठोकूनच दाखवला. आता मधल्या सुट्टीत त्या त्यावर ताल धरतात.